सांताला रजा, मेंढपाळांना बोलावणं

डिसेंबर लागला की ठाण्यात कोलशेत रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक कोटेशन येऊन पडतं. त्यात सांता असतो, त्याच्या दिमतीला दोन नाचणारे बुटके, फुगवलेला जम्पिंगचा किल्ला, टॅटू काढणारी मुलगी, डीजे, फोटोसाठी मागे लावायचा पडदा आणि सगळ्यात शेवटी ‘स्नो इफेक्ट, एक्स्ट्रा’. कल्चरल कमिटीत दोन-तीन दिवस घासाघीस चालते. कुणी म्हणतं बुटके नकोत, कुणी म्हणतं किल्ला मोठा हवा. शेवटी माणशी वर्गणी ठरते आणि २५ तारखेच्या संध्याकाळी पोडियमवर दणदणाट सुरू होतो. मुलं घामाघूम होतात, केक संपतो, नऊच्या सुमारास किल्ल्यातली हवा काढतात. झाला मुलांचा ख्रिसमस.

मी नगरची. सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलेलं आहे. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता निवृत्त झाले आणि मुलाच्या संसाराबरोबर कोलशेतला आले. ज्या रस्त्यावर एके काळी सॅन्डोझचा, मग क्लॅरियंटचा कारखाना होता, तिथे आता मान वर करून मजले मोजावे लागतात. अशा एका टॉवरमधली मी ‘ख्रिश्चनवाल्या आजी’. त्यामुळे दर वर्षी कमिटीतलं कुणीतरी दार वाजवतं. “काकू, तुमचा सण आहे, दोन शब्द बोला ना.” हे दोन शब्द डीजेच्या दोन गाण्यांच्या मधे बोलायचे असतात. मी उभी राहते, ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणते आणि खाली बसते. शब्द मोजून दोनच.

तेव्हा इथे ऐसपैस सांगते. लहान मुलांसाठी नाताळ करायचा तर त्याची गोष्ट सांगा, आणि करायचं ते मुलांच्या हातून होऊ द्या. सांता, बर्फ, किल्ला, डीजे यांतलं काहीही वगळलं तरी नाताळचं काही अडत नाही. गोष्ट वगळली तर मागे उरतो तो कुणाचाही वाढदिवस.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याच मजल्यावरच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला मी विचारलं, “काय रे, २५ तारखेला कोणाचा जन्म झाला?” तो अगदी खात्रीने म्हणाला, “सांताचा.” त्याची बहीण मोठी, तिने त्याला टपली मारली आणि सुधारून सांगितलं, “सांताचा नाही, क्राइस्टचा. सांता त्याचा मॅनेजर असतो.” मला हसू आवरेना. पण त्या पोरीचं काय चुकलं? तिने जे पाहिलं त्यात खरोखरच सगळा कारभार सांता पाहत होता आणि ज्याचा जन्म झाला तो कुठेही नव्हता.

बर्फाचं थोडक्यात आटपते. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी जरा गारवा असतो, दुपारी पंखा लागतो. बेथलेहेमातही बर्फ हा काही रोजचा पाहुणा नाही. हा बर्फ युरोपातून चित्रांच्या वाटेने आला आणि आपल्याकडे तो साबणाच्या फेसाच्या डब्यातून पडतो. मुलांच्या डोळ्यांत जातो, फरशी निसरडी होते. थर्माकोलचा बर्फ तर करूच नये, राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे. गणपतीच्या मखराला जो नियम आपण कुरकुरत का होईना पाळतो, तो डिसेंबरात एकदम विसरतो.

भेटवस्तूंबद्दल मात्र मला सविस्तर भांडायचं आहे. पद्धत अशी. आईवडिलांनी आपापल्या मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून वस्तू दुपारीच क्लबहाऊसमध्ये गुपचूप आणून द्यायची. संध्याकाळी सांता नाव पुकारणार आणि जणू उत्तर ध्रुवावरून आणल्यासारखी ती मुलाच्या हातात ठेवणार. एका वर्षी मी पुढच्याच खुर्चीत होते. एका मुलाचं नाव पुकारलं, त्याला सायकल निघाली. टाळ्या पडल्या, बाबांनी व्हिडिओ काढला. लगेच पुढचं नाव एका मुलीचं. तिला रंगीत खडूंची पेटी. तिने ती घेतली, सायकलीकडे पाहिलं आणि पेटी पाठीमागे धरून उलट्या पावलांनी रांगेबाहेर गेली. कडेला कठड्यापाशी, आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा उभा होता. दर नावाला तो थोडा पुढे सरकायचा. पोती रिकामी झाली तेव्हा सांताची वेळ संपत आली होती. त्याने खिशातून एक चॉकलेट काढून या मुलाला दिलं. मुलाने ते घेतलं आणि विचारलं, “माझं नाव कधी घेणार?” दाढीतला तरुण गोंधळला. बिचारा तोही रोजंदारीवर आलेला. यादीत जे नाव नाही ते तो कुठून घेणार?

ज्या गोष्टीत बाळाला पाळणासुद्धा मिळत नाही, त्या गोष्टीच्या नावाने आपण मुलांना बापाच्या ऐपतीप्रमाणे रांगेत उभं करतो. सांताचं मूळ ज्या संत निकोलसमध्ये सांगतात, तो चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप होता. गरिबाच्या घरात रात्री, कुणाला कळू न देता पैसे टाकायचा, अशी त्याची आख्यायिका आहे. त्याने माइकवरून नावं पुकारली नाहीत.

नगरला आमच्या लहानपणी चर्चच्या आवारात संडे स्कूलचा ‘ट्री’ असायचा. झाड म्हणजे सुरूची एक फांदी, पत्र्याच्या डब्यात मातीत रोवलेली. त्या दिवशी प्रत्येक पोराला एक संत्रं, ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणि एक रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. डॉक्टरांच्या मुलाला तेच, झाडलोट करणाऱ्या मावशींच्या मुलीलाही तेच. बक्षीस वेगळं असायचं फक्त वर्षभराच्या हजेरीला आणि पाठांतराला. ते ज्याचं त्याने कमावलेलं, त्यामुळे कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. (हजेरीचं मला कधी मिळालं नाही. आमच्या वडिलांना रविवारीच शेतावर जायची हुक्की यायची.) डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतात. दोनशे मुलांना दोनशे संत्री. कोटेशन मागवावं लागणार नाही, कपूरबावडीच्या बाजूला कुठल्याही फळवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे.

आता गोष्टीकडे येते. लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांत मिळून ती आहे. जरा बारकाईने पाहिलं तर कोलशेतच्या मुलांना समजावून सांगायला तिच्यात फारसं काही लागत नाही. रोमच्या कैसराने शिरगणतीचा हुकूम काढला, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. योसेफ नासरेथचा सुतार, पण मूळ घराणं बेथलेहेमचं. वाट सुमारे दीडशे किलोमीटरची, म्हणजे इथून नाशिक, तेही पायी आणि मरियेचे दिवस भरत आलेले. कागदपत्रांसाठी गावी जावं लागणं, तिथे पोचल्यावर जागा न मिळणं, हे आपल्या मुलांना नवीन आहे का? उतारशाळेत जागा नाही म्हटल्यावर बाळ जन्मलं ते गव्हाणीत निजवलं. आमच्या पोडियमवरच्या एकाही मुलाने गव्हाण पाहिलेली नाही. गुरांच्या पुढ्यात वैरण टाकायची ती जागा, असं सांगितलं की ती लगेच विचारतात, “मग गुरांनी काय खाल्लं?” हा प्रश्न शुभवर्तमानकारांना सुचला नव्हता. पण गोष्ट खरी रंगते ती अशाच प्रश्नांनी.

बातमी पहिल्यांदा कळते ती मेंढपाळांना. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्यांना. हे सांगताना मला नेहमी आपले धनगर दिसतात. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवतात, जमिनीला खत होतं, त्याचे शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. म्हणजे ज्या दिवसांत आपण नाताळ करतो त्याच दिवसांत, इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर, माणसं घोंगडी पांघरून उघड्यावर कळप राखत असतात. नगरच्या आमच्या नाटकात मेंढपाळ घोंगडी आणि काठी घेऊनच यायचे. ती घोंगडी खऱ्या धनगरवाड्यातून मागून आणलेली असायची आणि तिचा वास पुढच्या तीन रांगांपर्यंत यायचा. परदेशी कॅलेंडरातले मऊ झग्यातले मेंढपाळ मी पुढे पाहिले, तेव्हा ते मला अगदीच शहरी वाटले.

मग पूर्वेकडून मागी येतात. ते तीन होते असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली. याचा फायदा घ्यावा. नाटकात मुलं जास्त असली तर सात मागी करा, शास्त्राची हरकत नाही. दक्षिण गोव्यात कासावलीला ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो. तिथे तीन गावांतून तीन मुलगे राजे होतात, मुकुट घालून घोड्यावरून टेकडीवरच्या चॅपेलकडे जातात. मोठी माणसं मागून चालतात. मुलांचा सण म्हणतात तो असा, ज्यात मुलं राजे असतात आणि आईबाप गर्दीत असतात. आपल्याकडे मूल रांगेत आणि मोठे मोबाइल धरून पुढे.

शेवटी हेरोद येतो. त्याला सिंहासनाची भीती, म्हणून बाळांच्या जिवावर उठलेला. योसेफ आणि मरिया रातोरात बाळाला घेऊन मिसर देशात पळतात. म्हणजे येशूचं बाळपण परमुलखात, आसरा मागणाऱ्यांत गेलं. हा भाग बहुतेक कार्यक्रमांत गाळतात, ‘मुलांना भीती वाटेल’ म्हणून. कंसाची गोष्ट सांगताना आपल्याला ही काळजी वाटत नाही. मुलांना तर हा भाग सगळ्यात आधी हवा असतो.

इतकी भरीव गोष्ट घरात असताना आपण दाढीवाल्याच्या तीन तासांसाठी पैसे मोजतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता दुसऱ्या बाजूचं. गेली काही वर्षं आमच्या ग्रुपवर डिसेंबरात आणखी एक प्रकारचे संदेश फिरतात. हा आपला सण नाही, मुलांना सांता बनवू नका, त्यापेक्षा २५ तारखेला तुळशीपूजन करा. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तुळशीचं लग्न कार्तिकात दर वर्षी होतं. मी जाते. मंगलाष्टकं मला तुमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त पाठ आहेत, ऊस मीच धरते. तुळशीला तिचा हक्काचा दिवस असताना तिला दुसऱ्याच्या दिवशी नेऊन उभी का करायची, हे मला समजत नाही. पण त्या संदेशांमागची एक तक्रार मला पटते. जे चाललंय ते पाहून कुणालाही वाटेल की हा बाहेरून आणलेला तमाशा आहे. इव्हेंटवाल्याने आणलेला बर्फ आणि इंग्रजी गाणी यांवरून नाताळ परका वाटला तर दोष वाटणाऱ्याचा नाही.

खरं तर हा सण या भागाला परका असण्याची काही सोय नाही. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच मानतात. म्हणजे डोंबिवलीच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळण्याच्या कितीतरी आधी कल्याणात नाताळ होत असणार.

याहून मला भावते ती दुसरी हकीकत. गव्हाणीचा देखावा करायची चाल ज्याच्या नावाने सांगतात, तो असिसीचा फ्रान्सिस. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून लोकांना जन्माची गोष्ट सांगितली. गावकऱ्यांना ती डोळ्यांनी दिसावी एवढाच त्याचा हेतू. त्यानंतर शंभर वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्याच्याच पंथाचे चार साधू ठाण्याला येऊन पोचले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रिअस. ठाण्यात त्यांना एका ख्रिस्ती कुटुंबाने घरात उतरवून घेतलं. १३२१ साली ते इथेच मारले गेले आणि त्यांना सोपाऱ्याला पुरलं. त्या मारण्याचा हिशेब आज कुणाकडेही मागायचा नाही, सातशे वर्षं झाली. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की ग्रेच्चोच्या गव्हाणीची आठवण ताजी असलेली माणसं आपल्या खाडीकाठी राहून गेली, आणि त्यांना जागा देणारं घर इथे होतं. तलावपाळीवर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी नाताळच्या रात्री गर्दी करणाऱ्या ठाणेकर मुलांना हे कुणी सांगतं का?

आणि भाषेचं म्हणाल तर फादर स्टीफन्सने १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. तो इंग्लंडात जन्मला होता आणि लिहिलं मराठीत. आज मराठी घरातली पोरं मराठी वस्तीत नाताळची गाणी फक्त इंग्रजीत म्हणतात. सगळी गंमत उलटी झाली आहे.

आमच्या नगरला तर नाताळाने मराठी वळण केव्हाच घेतलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी नगरच्या ख्रिस्ती समाजात भजन-कीर्तनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे ते घर सगळ्या महाराष्ट्राला आपलं वाटतं, बालकवी त्याच घरात काही काळ राहिले. अमेरिकन मराठी मिशनचं ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक १८७३ पासून निघत होतं. त्या वळणाचा परिणाम असा की आमच्या नाताळात पेटी आणि ढोलकी आधी येतात, गिटार नंतर. कीर्तनकार उभा राहून पूर्वरंग, उत्तररंग करत बेथलेहेम सांगतो, मधे एखादा विनोद पेरतो, झोपलेल्या पोराला नाव घेऊन उठवतो. आणि खायला काय? करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे. होय, दिवाळीचाच फराळ. वसई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत नेवऱ्या आणि कुलकुले असतात, त्याही करंजीच्याच बहिणी. माझ्या सुनेची एक मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे नाताळला आली तेव्हा ताटातली चकली पाहून म्हणाली, “काकू, दिवाळीची उरलीय का?”

तर मग यंदा काय करायचं, ते सांगते. सल्ला फुकट आहे, त्यामुळे ऐकला नाही तरी चालेल.

सगळ्यात आधी तारीख. आपण २५ च्या संध्याकाळी कार्यक्रम ठेवता आणि दर वर्षी माझ्यासारखी एखादी आजी सोडली तर ख्रिस्ती शेजारी त्यात नसतात. कसे असतील? २४ च्या रात्री आम्ही चर्चमध्ये असतो, २५ ला सकाळी उपासना, दुपारपासून नातेवाइकांकडे फराळाची ताटं पोचवणं चालू. ज्यांचा सण त्यांनाच जमणार नाही अशी वेळ मुद्दाम निवडल्यासारखी वाटते. नाताळ २५ ला संपत नाही, सुरू होतो. ६ जानेवारीपर्यंत तो चालतो. २६ ते ५ मधला कुठलाही शनिवार-रविवार घ्या. निदान काही शाळांना सुटी असते, फळवाला आणि मंडपवाला दोघेही मोकळे असतात. वर्षअखेरीच्या पार्टीच्या दिवशी मात्र नको, कारण त्या दिवशी आईवडील मोकळे नसतात.

गव्हाण मुलांनी बांधावी. बाळकुमहून काशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं लागतात, आणि त्या गोदामांच्या मागे अजून भातखाचरं तग धरून आहेत. नोव्हेंबरात कापणी उरकते. एखाद्या शेतकऱ्याला गाठून पेंढ्याचे चार भारे आणावेत, तिथेच गोठा असला तर मुलांना गव्हाण दाखवून आणावी. ही एक फेरी जम्पिंगच्या किल्ल्यापेक्षा मुलांच्या जास्त लक्षात राहील, यावर मी पैज लावायला तयार आहे. पेंढ्याने काहींना शिंका येतात, त्यांना तारा करायला बसवा. तारा म्हणजे काय, तर कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद. प्रत्येक घरात माळ्यावर दिवाळीचा आकाशकंदील पडलेला असतो, त्याचाच सांगाडा वापरून पाच टोकांचा तारा होतो. चिनी दिव्यांची माळ विकत आणण्याआधी एकदा माळा उघडून पाहा.

कुलकुले करायला क्लबहाऊसचं टेबल पुरेल. मैदा, साखर, नारळाचं दूध, थोडं लोणी, अंडं चालत नसेल तर नको. पिठाची चण्याएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर, नाहीतर नव्या स्वच्छ कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळत सोडवायची, की शिंपल्यासारखी नक्षी उमटते. चार वर्षांच्या मुलालाही जमतं. निम्मी गोळी तोंडात जाते, ते धरून चालावं. तळणं मात्र मोठ्यांनी, मुलांना दूर बसवून.

प्रार्थना आणि पत्रकं यांबद्दल स्पष्ट बोलते, कारण कुजबूज तिथेच असते. पोडियमवर प्रार्थना नको. आमची प्रार्थना चर्चमध्ये होते, तिचा कार्यक्रम झालेला मलाही आवडणार नाही. गोष्ट सांगायची, तिचं नाटक करायचं, गाणी म्हणायची, खाऊ खायचा. कुणी धर्माची पत्रकं वाटू लागला तर पहिली मीच त्याचा हात धरीन. आणि ज्या आईवडिलांना मूल पाठवायचं नसेल त्यांना ग्रुपवर कारण विचारू नये. गणपतीत न येणाऱ्यांना आपण कुठे विचारतो? माझी गणपतीची वर्गणी दर वर्षी पहिल्या दिवशी जाते. त्यात उपकार नाहीत, आरतीनंतरच्या खिरापतीवर माझा डोळा असतो.

आणि आमच्या कुंपणाच्या पलीकडे नव्या टॉवरचं काम चालू आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांमधली मुलं. दर वर्षी कुणीतरी सुचवतं की त्यांना ब्लँकेट वाटू या. वाटा जरूर, पण दुसऱ्या दिवशी, फोटोशिवाय. कार्यक्रमाला त्यांना बोलवायचं तर नाटकात घ्यायला बोलवा. तालमीपासून. त्यातली काही मुलं मराठवाड्यातली, काही झारखंड-ओडिशाकडची. ती गाव सोडून आलेली आहेत आणि शेळ्या-मेंढ्या त्यांनी हाताने वळलेल्या आहेत. मेंढराला कसं हाकारतात हे ती आमच्या मुलांना शिकवतील. सुरक्षारक्षकाला गेटवर नावांची यादी आधी देऊन ठेवायची, नाहीतर तालमीच्या पहिल्याच दिवशी ती बाहेर ताटकळतील आणि दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

सांताचं काय, असं विचाराल. बोलवा हवं तर. पण शेवटी, पाच मिनिटं, संत्री वाटायला. पोतं उचलायला धडधाकट माणूस लागतोच. आणि तो बाहेरचा नको, सी विंगमधले जोशीबुवा चालतील, त्यांना दाढी आयती आहे.

नाटकाच्या पात्रवाटपात एकच अडचण येते, ती माझ्या शाळेतल्या अनुभवावरून आधीच सांगून ठेवते. मरिया व्हायला बऱ्याच मुली तयार असतात, देवदूतांना पंख असल्यामुळे तिथेही झुंबड. योसेफ व्हायला कुणी येत नाही, कारण शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तिथे एखादा लाजरा मुलगा बसवावा, तो खूश होतो आणि त्याची आईही. भांडणं लागतात ती हेरोदासाठी. सगळ्या मुलांना हेरोद व्हायचं असतं, कारण त्याला ओरडायला मिळतं, पाय आपटायला मिळतात आणि पुठ्ठ्याची तलवार मिळते. यावर मला उपाय एकच दिसतो. ती भूमिका सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यावी. पार्किंगच्या मीटिंगमध्ये त्यांचा रियाज झालेलाच आहे.